क्रिश, कंस आणि औंढ्याचं यंत्र

तुम्ही 'क्रिश' पाहिलाय असं धरूनच सुरुवात करते. जून २००६, दिग्दर्शक राकेश रोशन, बाप आणि मुलगा दोन्ही हृतिक. २००३ च्या 'कोई... मिल गया'चा हा पुढचा भाग. आपल्याकडे पुढचा भाग म्हणजे बहुतेक वेळा तोच सिनेमा, फक्त जास्त पैसे घालून. इथे तसं झालेलं नाही. पहिल्या भागाचा प्रश्न होता की बाहेर कुणी आहे का. रोहितचे वडील कॉम्प्युटरवरून ओमचे सूर अवकाशात पाठवतात, लोक त्यांना हसतात, आणि पुढे उत्तर येतं. दुसऱ्या भागाचा प्रश्न वेगळाच आहे. पुढे काय होणार हे आधी दिसलं, तर माणूस त्या दिसण्याचं काय करेल?

संशोधनाबद्दल लिहिणारीने मध्येच सिनेमावर का लिहावं, असं तुम्ही विचाराल. कारण साधं आहे. मी हिंगोली जिल्ह्यातली, आणि माझी पीएचडी गुरुत्वीय लहरींच्या नोंदींवर. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया उभं राहतंय (पेपरात 'लिगो' छापतात, गावात दोन्ही चालतं). केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. तेव्हापासून गावी गेलं की एक प्रश्न ठरलेला: "ते मशीन पुढचं सांगणार का गं? भूकंपाचं? पावसाचं?" 'नाही' एवढं उत्तर देऊन चहा पिता येतो. पण या प्रश्नाच्या पोटात जे आहे ते मला 'क्रिश'मध्ये नीट मांडलेलं सापडतं, म्हणून आज सिनेमा.

आधी कथेचा सांगाडा, कारण उड्या आणि गाणी लक्षात राहतात आणि हा भाग विसरला जातो. रोहित मेहरा सिंगापूरला डॉ. सिद्धांत आर्यसाठी भविष्य दाखवणारं यंत्र बनवतो. आर्य म्हणजे नसीरुद्दीन शाह. याला हे यंत्र लोकांच्या भल्यासाठी नको, सत्तेसाठी हवंय, हे कळल्यावर रोहित ते मोडतो. घरी बातमी येते की तो अपघातात गेला. बायको निशा त्या धक्क्याने जाते. त्यांचा मुलगा कृष्णा आजीकडे, म्हणजे रेखाकडे, वाढतो. पोराच्या अंगात बापाची शक्ती आहे हे शाळेत कुणाच्या तरी लक्षात येऊ लागतं, तेव्हा आजी त्याला घेऊन दूर डोंगरात जाते आणि वचन घेते की ही शक्ती कुणाला दाखवायची नाही. वीस वर्षांनी तो प्रियाच्या मागे सिंगापूरला पोचतो. तिथे सर्कशीला आग लागते, पोरं आत अडकतात. वचन मोडायचं नाही आणि पोरांना मरू द्यायचं नाही, म्हणून तो तोंडावर तुटका मुखवटा चढवतो. झाला क्रिश.

मग ती गोष्ट घडते जिच्यासाठी मी हा सिनेमा इतक्या वेळा पाहिलाय. आर्यचं यंत्र पुन्हा तयार होतं. तो स्वतःचं भविष्य बघतो. त्यात एक मुखवटेवाला त्याला मारतोय. शहरात तर सगळ्यांना 'माहीत' आहे की क्रिश म्हणजे क्रिस्टियन, रस्त्यावर कसरती करणारा एक गरीब मुलगा. आर्य जातो आणि त्याला गोळी घालतो. परत येऊन यंत्रात बघतो. चित्र तेच. मुखवटेवाला त्याला मारतोच आहे.

क्रिस्टियनला लोक क्रिश का समजत होते? कारण क्रिशसाठी बक्षीस जाहीर झालं होतं, क्रिस्टियनला बहिणीच्या ऑपरेशनला पैसे हवे होते, आणि कृष्णानेच त्याला सांगितलं होतं की तू पुढे हो.

आता हे उलटं वाचा. आर्य चुकला कारण मुखवट्यामागे दुसराच माणूस होता. मुखवटा होता कारण आजीला वचन दिलं होतं. आजीने वचन घेतलं कारण आर्यने तिचा मुलगा नेला होता. म्हणजे आर्यला जो माणूस ओळखता आला नाही, तो ओळखू न येण्याची सोय आर्यनेच वीस वर्षांपूर्वी करून ठेवली होती. पटकथेत इतकी घट्ट गाठ मारलेली आहे, आणि परीक्षणं वाचली तर बहुतेक ठिकाणी चर्चा केबलवरच्या मारामारीची आणि काळ्या कोटाची.

सिनेमात भविष्य बघणारे दोघे आहेत असं मी म्हणते. एक आर्य, यंत्रातून. दुसरी आजी, अनुभवातून. तिला यंत्राची गरज नाही. मुलाची शक्ती जगाला कळली आणि मुलगा गेला, तेच नातवाचं होणार हे तिला स्वच्छ दिसतं. दोघंही दिसलेलं टाळायला धडपडतात, आणि दोघांच्या धडपडीनेच ते पुढे सरकतं. फरक हा की आजी जे करते ते दुसऱ्याला वाचवायला करते. सिनेमा या दोघांना एका फ्रेममध्ये कधी आणत नाही. आणायला हवं होतं असं मला दरवेळी वाटतं.

कंसाची गोष्ट तुम्हाला आतापर्यंत आठवली असेलच, आणि लेखकांनाही आठवलेली आहे. नाव कृष्णा, बाप कैदेत, पोर डोंगरातल्या गोकुळात परक्या डोळ्यांपासून लपवलेलं. हा भाग उघड आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला जवळची वाटते ती आपली सटवाईची गोष्ट. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पण तिच्या मुलीची कथा कमी लोकांना ठाऊक असते. आई सगळ्यांचं नशीब लिहिते, तर माझं काय लिहिलंस, असा हट्ट मुलगी धरते. उत्तर येतं की तू स्वतःच्या मुलाशी लग्न करशील. ती घाबरून पुरुषांपासून लांब रानात राहते, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ते घडतं. इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये 'मॅन' या इंग्रजी नियतकालिकात ही ईडिपसच्या कथेची मराठी बहीण म्हणून मांडली होती. ग्रीकांची गोष्ट जगाला पाठ आहे, आपली सटवाई मात्र पाचवीच्या पाटापुरतीच उरली.

या सगळ्यांत एक साम्य आहे. भविष्य खोटं नसतं, अपुरं असतं. चित्र दिसतं, त्याचा अर्थ दिसत नाही.

इथे मी माझ्या कामात शिरते, कारण आमचं रोजचं दुखणं हेच आहे.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. दोन कृष्णविवरं, सूर्याच्या साधारण ३६ आणि २९ पट, एकमेकांत विलीन झाली होती. उरलं ६२ पटीचं एक, आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेलं. आपल्याकडे पोचलं ते काय, तर सेकंदाचा पाचवा भाग टिकलेली एक थरथर, चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा फरक. लिव्हिंग्स्टनला आधी, हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंदांनी नंतर. गोंगाटातून अशी थरथर निवडायची तर अपेक्षित लहरींचे आकार आधी गणिताने काढून ठेवायचे आणि एकेक नोंदीवर ठेवून बघायचे, कुठला जुळतो ते. ही पद्धत गुरुत्वीय लहरींसाठी घडवण्यात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांचा १९९० च्या दशकापासून मोठा वाटा आहे.

आकार जुळला म्हणजे माणूस ओळखला, असं मात्र नाही. जत्रेतला भोंगा घ्या. लांबचा भोंगा तुमच्याकडे तोंड करून असेल आणि जवळचा पाठ करून असेल, तर दोन्ही सारखेच ऐकू येऊ शकतात. आवाजावरून अंतर सांगा म्हटलं तर तुम्ही काय सांगाल? आमच्या दोन ताऱ्यांचं तसंच. त्यांच्या फिरण्याची कक्षा आपल्याकडे तोंड करून असेल तर लहर जोरकस येते, कडेने असेल तर क्षीण. त्यामुळे लांबची समोरची जोडी आणि जवळची आडवी जोडी नोंदीत एकसारखी दिसते. मी दिवसभर जे करते ते याच गुंत्याभोवती फिरतं: एकाच थरथरीमागे असू शकणाऱ्या हजारो जोड्यांपैकी कुठली किती संभवते हे मोजायचं. आमचं उत्तर कधीच "हाच तो" असं नसतं, ते संभाव्यतेचा डाग असतं. पहिल्या शोधाच्या वेळी तर आकाशातली जागाच सुरुवातीच्या अंदाजात सुमारे ६०० चौरस अंशांत पसरलेली होती. पूर्ण चंद्र आकाशाचा जेमतेम ०.२ चौरस अंश झाकतो, म्हणजे तीन हजार चंद्रांएवढी जागा, आणि त्यात कुठेतरी ती घटना.

आर्यकडे हा डाग नव्हता. त्याने मुखवटा बघितला, शहरात जे नाव मिळालं ते त्यावर चिकटवलं आणि पिस्तूल काढलं. या चित्रात आणखी कोण बसू शकतो, हा प्रश्न त्याच्या डोक्यात येत नाही. वैज्ञानिक म्हणून तो तिथेच हरतो, क्रिश नंतर येतो.

औंढ्याच्या यंत्राचा उपयोग नेमका इथे आहे. अमेरिकेतली दोन यंत्रं जवळपास एकाच दिशेने मांडलेली आहेत. दोघांनाही लहरीचं तेच मिश्रण ऐकू येतं. इटलीतलं व्हर्गो, जपानचं काग्रा आणि त्यांच्या जोडीला औंढा, असं लांबवर, वेगळ्या कलाने बसलेलं यंत्र असेल, तर लहर कुठल्या बाजूने किती ताणते हे वेगळं काढता येतं, आणि समोरचा भोंगा पाठमोऱ्या भोंग्यापासून ओळखता येतो. नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही कथा ज्या गावाची, त्याच गावात आता यंत्राचं तोंड कुठे आहे याला इतकं महत्त्व यावं, याची मला मोठी गंमत वाटते.

बरं, मग आम्ही भविष्य सांगतो की नाही?

एका अर्थाने सांगतो. लिसा नावाचं अवकाशातलं यंत्र २०३५ च्या सुमारास सोडायची युरोपची योजना आहे, तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर. अल्बर्टो सेसाना यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पहिल्या शोधातली जोडी अशा यंत्राला विलीन होण्याच्या कितीतरी वर्षं आधी ऐकू आली असती, आणि विलीन होण्याची वेळ काही आठवडे आधी, दहा सेकंदांच्या आत, सांगता आली असती. अशा किती जोड्या लिसाला सापडतील हा वेगळा वाद आहे. पण कल्पना करा: अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक सेकंदांनी औंढ्याचं यंत्र थरथरेल, लक्ष ठेवा. आर्यला हेवा वाटावा असं भाकीत.

आता यातली खोच बघा. ज्याला आपण "होणार" म्हणतोय ते त्या ठिकाणी १३० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेलेलं असतं. ती लहर निघाली तेव्हा आपल्या पायाखालचा काळा दगडसुद्धा नव्हता, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. बातमी अजून वाटेत आहे, एवढंच. सापेक्षतावादाने 'आत्ता' हा शब्दच सगळ्यांसाठी एक ठेवलेला नाही, आणि त्यावरून काही भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ म्हणतात की भूत आणि भविष्य दोन्ही सारखेच खरे, पुस्तकाच्या पुढच्या पानांसारखे आधीच छापलेले. 'क्रिश'चं यंत्र गुपचूप हेच गृहीत धरतं. 'टर्मिनेटर २' (१९९१) नेमकं उलट बोलतो, पान फाडता येतं म्हणतो. तिथे यंत्रमानव भट्टीत उतरतो तेव्हा रडू येतं, तरी विचार म्हणून मला 'क्रिश' जास्त धीट वाटतो. त्याचा खलनायक पान फाडतो आणि खाली तेच पान निघतं.

पण छापील पान म्हटलं की नियतीवाद आला, मग कुणाचाच दोष नाही, असं होतं का? मला नाही वाटत. कृष्णविवरांना आपलं भाकीत ऐकू येत नाही. ती आमचा पेपर वाचून वाट बदलत नाहीत. पावसालाही हवामान खात्याचं ऐकू जात नाही. पण माणसाला ऐकू जातं. आपल्याकडचीच गोष्ट घ्या. पुढच्या वर्षी हळदीला भाव येणार अशी वसमतच्या बाजारात बोलवा झाली, की जूनमध्ये सगळे हळद लावणार, आणि नऊ महिन्यांनी काढणीला त्या भावाचं काय झालेलं असेल ते तुम्हीच सांगा. भाकिताने स्वतःलाच खाल्लं. उलटही होतं. पतसंस्था बुडणार अशी अफवा उठते, सगळे पैसे काढायला धावतात, आणि ती बुडते. भाकितच घटनेत हात घालतं, या प्रकाराला कार्ल पॉपर यांनी ईडिपसचं नाव दिलं होतं. त्यांना सटवाई माहीत असण्याची शक्यता कमीच.

आर्य या दुसऱ्या जातीत मोडतो. यंत्राने त्याला ढकललं नाही. मृत्यू दिसल्यावर काय करायचं हे त्याचं त्याने ठरवलं, त्याच्या स्वभावाप्रमाणे. त्याने विचारलं: कोण मारणार? त्याने विचारलं नाही: का मारेल? 'का'चं उत्तर शोधायला शहरभर फिरायची गरज नव्हती. ते त्याच्याच प्रयोगशाळेत बंद होतं. रोहित मेलेला नाही. यंत्र चालू करायला रोहितचे डोळे आणि रोहितच्या हृदयाचे ठोके लागतात, म्हणून आर्यने त्याला वीस वर्षं जिवंत डांबून ठेवलंय. म्हणजे मृत्यू बघायला तो ज्या माणसाचा चावीसारखा वापर करतो, तोच माणूस त्या मृत्यूचं कारण आहे. रोहितला त्या दिवशी सोडून दिलं असतं तर? हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. मी इतकी वर्षं त्याच प्रश्नाशी अडकलेय.

सिनेमाचे दोष झाकायचं कारण नाही. पहिला तासभर प्रियाच्या मागे लागण्यात जातो आणि त्यातलं बरंचसं आज बघवत नाही. यंत्राचं विज्ञान म्हणजे दिवे आणि काचा. शेवटी तत्त्वज्ञानाला बाजूला सारून लाथाबुक्क्या सुरू होतात. २००६ ला आमच्याकडे भारनियमन इतकं होतं की सीडीवर तुकड्यातुकड्याने बघितला, आणि खरं सांगते, तसाच बरा लागतो.

आता भूकंप. कारण गावाकडचा प्रश्न थट्टेचा नसतो. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात, कित्येक वर्षांपासून. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा लोक घराबाहेर पळाले. तिथल्या माणसाने "तुमचं यंत्र आधी सांगेल का" असं विचारलं, तर त्याच्या डोळ्यासमोर कृष्णविवर नसतं, ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी असतं. लायगो भूकंपाचं भाकीत करत नाही. उलट जमीन हलली की आमची नोंद बिघडते, म्हणून आरसे टांगून, अनेक थरांनी धक्क्यापासून लांब ठेवलेले असतात. भूकंपाची वेळ आणि जागा नेमकी आधी सांगणारी पद्धत आज कुणाकडेच नाही.

पण समजा असती, आणि 'केव्हा' कळलं असतं. किल्लारीत हजारो माणसं पहाटेच्या झोपेत गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरच्या जड माळवदाखाली. ते 'का' आहे, आणि ते तीस वर्षांपासून माहीत आहे, कुठलंही यंत्र न लावता. मी शेवटची गावी गेले तेव्हा गल्लीतली तशीच घरं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं, कारण आमचंच मागचं घर त्यात आलं. घरी विषय काढला तर चुलते म्हणाले, "आधी सांगणारं मशीन येऊ दे, मग बघू." भिंतीचं बोलणं तिथेच थांबलं. सध्या मागच्या खोलीत झोपायचं नाही, एवढं आईकडून कबूल करून घेतलंय.

'क्रिश' पुन्हा बघणार असाल तर क्रिस्टियनला मारल्यानंतर आर्य यंत्रापुढे परत बसतो तो प्रसंग संवादांकडे लक्ष न देता बघा. नसीरुद्दीन शाह यांच्या चेहऱ्यावर आधी भीती नसते. हिशेब चुकलेल्या माणसाचा वैताग असतो, आकडे परत तपासतो तसा. भीती नंतर येते. आणि त्या सगळ्या वेळात रोहित कुठे आहे, तेही आठवत राहा.